प्लॅस्टिकच्या मिश्रणात विजेची वाट

रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात आम्ही प्लॅस्टिकचे दाणे तयार करतो आणि त्यांची तपासणी माझ्याकडे असते. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग ठेवण्याच्या ट्रेसाठी वीज वाहून नेणारा दाणा हवा असला की गिऱ्हाईक आधी विचारते ते कार्बन किती टक्के घालणार हेच. माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे, कारण घातलेला पदार्थ मिश्रणात नेमका कुठे जाऊन बसतो, यावर ट्रेचे बरेचसे गुण ठरतात.

पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकमध्ये कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी बारीक कार्बनची पूड, थोडा थोडा वाढवत नेला, तर सुरुवातीला विद्युतरोधात फारसा फरक पडत नाही. मग एका विशिष्ट प्रमाणाला कण इतके जवळ येतात की विजेला अखंड वाट मिळते आणि रोध एकदम लाखो पटींनी कोसळतो. साध्या प्रतीच्या कार्बन ब्लॅकसाठी हे प्रमाण अनेकदा वजनाच्या 15 ते 20 टक्क्यांपर्यंत जाते. तेवढा कार्बन घातल्याने ट्रे ठिसूळ होतो, आणि वितळलेले प्लॅस्टिक इतके घट्ट होते की पातळ भिंतींचा साचा नीट भरत नाही.

मिश्रणाची खरी गंमत इथे आहे. पॉलिथिलीन आणि पॉलिस्टायरीन एकमेकांत विरघळत नाहीत, आणि कार्बन ब्लॅक पॉलिथिलीनमध्ये राहणे पसंत करतो. त्यामुळे दोन्ही प्लॅस्टिके एकमेकांत गुंतलेली पण आपापल्या जागी सलग राहतील असे प्रमाण साधले, तर सगळा कार्बन एकाच भागात दाटतो आणि 3 टक्क्यांच्या आसपासही वीज वाहू लागते. मात्र पॉलिथिलीनचे सुटे थेंब झाले, तर तेवढाच कार्बन वाया जातो.

स्वतःच वीज वाहणाऱ्या पॉलिमरांचा विचारही याच ओघात येतो. आयोडीनमुळे पॉलिअ‍ॅसिटिलीनची वाहकता प्रचंड वाढते, हे शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी 1977 मध्ये दाखवले व त्यांना 2000 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कारखान्याच्या दृष्टीने जवळचे आहे ते पॉलिअ‍ॅनिलिन. आम्लाच्या संगतीत ते गडद हिरवे असते आणि वीज वाहते. अल्कलीच्या (आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थाच्या) पाण्यात त्याचा नमुना बुडवला की हिरवा रंग निळा होतो आणि वाहकता जाते. म्हणून अल्कलीयुक्त साबणाने धुतल्या जाणाऱ्या ट्रेसाठी मी ते सुचवत नाही. शिवाय पॉलिप्रॉपिलीन 200 अंशांच्या वर वितळवून साच्यात भरावे लागते, आणि त्या उष्णतेत पॉलिअ‍ॅनिलिनमधील आम्ल टिकेलच असे नाही.

दाणा चांगला असूनही ट्रे नापास होतो, ही तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दाब देऊन सावकाश बनवलेली चकती वीज वाहते, पण त्याच दाण्याचा वेगाने साच्यात मारलेला ट्रे पृष्ठभागावर भरमसाट रोध दाखवतो. साच्याच्या थंड भिंतीला लागताच प्लॅस्टिकची पातळ कातडी गोठते. दाण्यात कार्बन ब्लॅकऐवजी नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, असतील तर वेगाच्या ओढीने त्या कातडीत एकाच दिशेला लागतात व त्यांचे परस्परांशी असलेले जोड सुटतात. ट्रेचा तुकडा तोडून आतल्या गाभ्यावर मोजले की तिथे वाट शाबूत असल्याचे आढळते. अशा वेळी गिऱ्हाईक कार्बन वाढवून मागते. मी आधी भरण्याचा वेग कमी करायला आणि वितळीचे व साच्याचे तापमान वाढवायला सांगतो.