तुमचं नाफ्लाक कुठलं?

वानुआतूहून, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांच्या देशातून, परत येऊन चार महिने झाले. फोटो अजून कुणाला दाखवले नाहीत, कारण जे सांगायचंय त्याचा फोटोच नाही.

मुलगा ब्रिस्बेनला असतो. त्याच्याकडे गेले होते, तेव्हा "आई, तुला जुनं काही बघायचं असतं ना, मग चल," म्हणून त्यानं तिथल्या राजधानीची, पोर्ट व्हिलाची तिकिटं काढली. विमानानं तीन तासांच्या आतलं अंतर. पहिले दोन दिवस धबधबा, निळंशार तळं आणि बाजार यांत गेले. छान गेले. क्रूझचं जहाज बंदराला लागलं की त्या लहानशा गावात पाय ठेवायला जागा उरत नाही, तेवढा एक वैताग.

तिसऱ्या दिवशी तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. मोठं नाही, तासाभरात बघून होतं. मी तीन तास होते. तेऔमाची मडकी बघायची होती. तेऔमा पोर्ट व्हिलापासून जवळच. तिथं २००४च्या सुमारास कोळंबीच्या शेतीसाठी माती काढताना यंत्राखाली नक्षीचे खापराचे तुकडे आले. पुढं खोदकाम झालं आणि तीन हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी निघाली. वानुआतूच्या बेटांवर पहिल्यांदा होड्यांतून उतरलेल्या माणसांची. सांगाड्यांना डोकी नव्हती. पुरल्यावर काही काळानं कवट्या काढून घेत, आणि त्यातल्या काही पुन्हा मडक्यांत ठेवलेल्या सापडल्या. मडक्यांवर दातेरी ठशांनी उठवलेली इतकी बारीक नक्षी आहे की काचेला नाक लावून बघावी लागते. तिथल्या तीन सांगाड्यांचा डीएनए २०१६ साली जगापुढे आला. तिघीही बायका. त्यांचे पूर्वज तैवान, फिलिपिन्सच्या बाजूचे निघाले. त्या तीन बायका तेव्हा माझ्या मनात नुसत्या नोंदल्या गेल्या. पुढं आठवल्या.

चौथ्या दिवशी आर्तोकला गेलो.

एफाते बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर मंगालिलिऊ नावाचं गाव आहे. तिथून होडी. समोर लेलेपा बेट आणि त्याच्या पलीकडे समुद्रात हॅट ठेवल्यासारखं आर्तोक. तिथं कुणी राहत नाही, शेती करत नाही. साधारण चारशे वर्षांपूर्वी या भागाचा मोठा सरदार रॉय माता मेला आणि त्याला तिथं पुरलं, तेव्हापासून बेट 'ताबू', म्हणजे निषिद्ध. (नावातला 'माता' आपला नव्हे, तो पुरुष होता.) मंगासला त्याचं राहतं ठिकाण होतं, तेही लोकांनी सोडून दिलं. लेलेपावरच्या फेल्स गुहेत तो मेला असं सांगतात. ही तीन ठिकाणं मिळून २००८ साली जागतिक वारसा झाली, वानुआतूतली पहिली.

आम्हाला नेणारे गृहस्थ साठीच्या पुढचे होते. त्यांना लहानथोर सगळेच 'पापा' म्हणत, आम्हीही तेच म्हटलं. पापा इंग्रजी बोलत, मधेच बिस्लामात, तिथल्या भाषेत, जात. गुहेत शिरण्यापूर्वी त्यांनी उभं राहून खालच्या आवाजात काहीतरी म्हटलं आणि मग आम्हाला आत घेतलं. आत उंचच उंच अंधार. बॅटरीच्या उजेडात भिंतीवर काळ्या-तांबड्या रेषा. मला हात लावावासा वाटला आणि मी दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी राहिले.

दुपारी लेलेपावर जेवण. लापलाप म्हणजे किसलेला कंद, नारळाचं दूध, पानांत गुंडाळून तापलेल्या दगडांत भाजलेलं. वाढणाऱ्या बाईनं माझं पान रिकामं होऊ दिलं नाही. अशा जेवणानंतर हॉटेलातला नाश्ता नकोसा होतो.

मग आर्तोक. किनाऱ्यावरून झाडीत थोडं चाललं की मोकळी जागा येते आणि तिथं जमिनीत उभे केलेले काही दगड. बस. ना कुंपण, ना पाटी, ना छप्पर. आमच्यासोबत होडीत एक जोडपं होतं, कुठल्या देशाचं ते सोडा. त्यातला नवरा म्हणाला, "एवढंच?" आणि घड्याळ बघितलं. मला इतका राग आला की हातातली पाण्याची बाटली चेपली गेली.

पापांना राग आला नव्हता. ते खाली बसले आणि सांगू लागले. रॉय मातासोबत त्याच्या माणसांनाही पुरलं होतं, ही गोष्ट या गावांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जात होती. कुठं पुरलं, कोण कोण होतं, सगळं. १९६७ साली जोसे गारांजे हा फ्रेंच पुरातत्त्वज्ञ आला. लोकांनी जागा दाखवली, त्यानं खणलं आणि गोष्ट खरी निघाली. मधोमध एक पुरुष, त्याच्याजवळ काही जण, आणि भोवती मिळून पन्नासच्या आसपास माणसं. अंगावर शंखशिंपल्यांचे, डुकरांच्या सुळ्यांचे दागिने. बरीचशी जोडपी. पुरुष झोपल्यासारखे उताणे. बायकांनी मात्र त्यांना घट्ट धरलेलं, कुणी दंडाला, कुणी कमरेला, बोटं वळलेली. पुरुषांना कावा, म्हणजे मुळीपासून केलेलं गुंगीचं पेय, पाजून पुरलं असावं आणि बायका शुद्धीवर असाव्यात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

हे मी आधी वाचलं होतं. वाचणं वेगळं. पायाखालची जमीन तीच असताना ऐकणं वेगळं. माझ्या पावलांचं मला ओझं झालं आणि मी मागं सरकले. घड्याळ बघणारा माणूसही गप्प झाला होता, हे मला सांगितलं पाहिजे.

कुणी विचारेल की चारशे वर्षं ही जागा राखली कुणी? पुरातत्त्व खात्यानं नाही. 'जायचं नाही' असं ठरलं आणि कुणी गेलं नाही. आता काळजी आहे ती दुसरीच. १९८० साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा राज्यघटनेनं जमीन मूळ मालकांची केली, पण पंचाहत्तर वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यानं ती बाहेरच्यांना देता येते. एफातेच्या किनाऱ्यानं जाताना समुद्राकडं तोंड केलेले बंगले दिसत राहतात. कोकणातल्या माणसाला यापुढं काही सांगायला नको. समोरच्या किनाऱ्यावर बंगल्यांची रांग उभी राहिली तर आर्तोकवर पाऊल न टाकताही आर्तोक गेलंच, असं मला तिथं बसल्या बसल्या वाटलं.

परत किनाऱ्यावर आलो. होडीवाला इंजिनाशी खटपट करत होता, म्हणून झाडाखाली बसलो. तेव्हा पापांनी मेजवानीची गोष्ट सांगितली. बेटावर लढायाच लढाया चालल्या होत्या. रॉय मातानं सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि येताना आपापली एक वस्तू आणायला सांगितली. कुणी नारळ आणला, कुणी कंद, कुणी माखूल (ऑक्टोपस). मग तो म्हणाला, ज्यांनी सारखी वस्तू आणली ते आजपासून एकमेकांचे. त्यांनी आपसांत लढायचं नाही, आपसांत लग्न करायचं नाही, कुठल्याही गावात गेलं तरी एकमेकांना बघायचं. त्याला म्हणतात नाफ्लाक. ते आजही चालतं.

मी जवळजवळ ओरडलेच, "हे तर देवक!"

मुलाला देवक माहीत नव्हतं. त्याच्या मुंजीत नि बहिणीच्या लग्नात ठेवलेलं त्यानं पाहिलं होतं, अर्थ कुणी सांगितला नव्हता. मीही नाही. मी पापांना सांगितलं, आमच्याकडंही कुळाचं एक झाड असतं, पान असतं, लग्नाआधी ते आणून पूजतात, एका देवकात सोयरीक होत नाही. माझ्या माहेरचं कळंब. पापा खूश झाले. मान डोलवत म्हणाले, "वानेम नाफ्लाक ब्लाँग मामा ब्लाँग यू?"

तुमच्या आईचं नाफ्लाक कुठलं? कारण नाफ्लाक आईकडून येतं. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून.

मी म्हटलं, आमच्याकडं ते वडिलांकडून येतं. ते म्हणाले, बरं, मग तुमच्या आईची आई कोण, तिची आई कोण, ते सांगा. आणि स्वतःची सांगितली. आई, आजी, पणजी, तिची आई, तिचीही आई. बोटं मुडपत, न अडखळता, प्रत्येकीचं गाव कुठलं तेही.

माझी आई. आजी. आजीची आई... माझं तिसरं बोट तसंच उभं राहिलं.

पापांनी काही म्हटलं नाही. होडी सुरू झाली.

वडिलांकडची सात नावं मला पाठ आहेत, लहानपणी पाठ करून घेतली होती. आणि ज्या बाईच्या पोटी माझी आजी जन्मली तिचं नाव मला येत नव्हतं. होडीत मला त्या तेऔमाच्या तिघी आठवल्या. तीन हजार वर्षं मातीत राहून त्यांची कुळी कळली. माझ्या पणजीला जाऊन फार तर ऐंशी वर्षं झाली असतील.

रात्री आठला पोर्ट व्हिलाहून मामाला फोन लावला. तिकडे दुपारचे अडीच. मामा झोपेतून उठला, आधी घाबरला, मग विचारात पडला. "अगं, तिला सगळे मोठीआईच म्हणायचे." नाव? "मोठीआई." माहेर? "ते वाईच्या मावशीला विचारावं लागेल." मावशी ब्याण्णव वर्षांच्या, कानांनी कमी ऐकू येतं. म्हणाला, रविवारी जाऊन बसतो तिच्यापाशी.

आणि गेला, शब्दाला जागला. पुढच्या सोमवारी ब्रिस्बेनला त्याचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. मी तो आजवर कितीदा ऐकला असेन. "लिहून घे. सासरचं नाव सरस्वती. ते लग्नात ठेवलेलं. माहेरचं नाव मावशीला आठवत नाही, तिच्या आईनं कधी घेतलंच नाही म्हणते. माहेर पाटणच्या बाजूचं. नदीच्या काठी घर होतं, अंगणात मोठा कळंब होता, एवढं मावशीला पक्कं आठवतंय."