रक्ताचा सडा नव्हताच

इंग्रजी कागदपत्रांची मराठी भाषांतरे तपासणे हे माझे रोजचे काम. गेल्या पावसाळ्यात सांगलीचे एक निवृत्त गृहस्थ थेट आमच्या पुण्यातील कार्यालयात आले. त्यांचा मुलगा इंग्लंडमधील एका गोदामात अडखळून पडला होता आणि भरपाईच्या दाव्यातील मुकादमाच्या जबानीचे भाषांतर त्यांनी दुसरीकडून करून घेतले होते. घड्या पडून मऊ झालेल्या त्या कागदावर एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती : ‘वाटेत रक्ताचा सडा पडला होता.’ मुलगा काहीतरी लपवतो आहे, या धास्तीने आठवडाभर घरात कोणी धड जेवले नव्हते.

मूळ जबानीत ‘ब्लडी मेस’ असे शब्द होते; ‘मेस’ म्हणजे पसारा. त्यांचा अर्थ खरोखरच रक्ताचाही होऊ शकतो, म्हणून मी आधी डॉक्टरांचा दाखला पाहिला. उजवा घोटा मुरगळलेला, बाहेरून जखम नाही.

म्हणजे हा वैतागाला जोर देणारा जुना ‘ब्लडी’ होता. मेरीमातेच्या शपथेचा, ‘बाय अवर लेडी’चा, तो अपभ्रंश असल्याचे पुष्कळ जण सांगतात, पण त्याला आधार नाही, ‘ब्लड्स’ म्हणवल्या जाणाऱ्या दंगेखोर खानदानी तरुणांवरून तो आला असावा, हे मत मला अधिक पटते. १७११ साली लेखक जोनाथन स्विफ्टने पत्रात उकाड्याचे वर्णन करताना तो बिनदिक्कत वापरला आहे. पुढे मात्र तो इतका असभ्य ठरला की छापताना मधली अक्षरे गाळून रेघ देत, आणि १९१४ मध्ये बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकातील नायिकेने लंडनच्या रंगमंचावर तो उच्चारला तेव्हा मोठी खळबळ उडाली.

शब्द गाळूनच टाकावा, असे सहकाऱ्याने सुचवले. मला ते मान्य नव्हते, कारण वाटेतला पसारा मुकादमालाच असह्य झाला होता आणि दाव्यात तीच गोष्ट मोलाची होती. आपला ‘शिंचा’ वजनाला बरोबर जुळतो. तोही जुना, तोही मूळची शिवी झिजून घरात रुळलेला. पण इंग्रज मुकादमाच्या तोंडी तो कानाला खटकत होता. अखेर मी लिहिले : ‘वाटेत नुसता वैताग आणणारा पसारा पडला होता.’

त्या गृहस्थांनी ती ओळ दोनदा वाचली आणि तिथूनच घरी फोन लावला. ‘‘अगं, रक्त नव्हतं. पसारा होता, पसारा.’’