खुनाच्या अपिलातला अ‍ॅलिबाय आणि वजनकाट्याची वही : माझा अनुभव

दादा सुटून आला त्याला बराच काळ लोटला, तरी कोर्टाच्या नक्कल विभागाच्या त्या खिडकीची आठवण झाली की माझं डोकं अजून तापतं. घरातलं माणूस खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगतंय आणि ते त्या वेळी तिथे नव्हतंच (यालाच कोर्टात अ‍ॅलिबाय म्हणतात) हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दादा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होता. ऐन गळीत हंगामात, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, आमच्या गावात भावकीतल्या एकाचा कुऱ्हाडीने खून झाला. मयताच्या पुतण्याने दादाचं नाव घेतलं. कारखाना गावापासून अठरा किलोमीटरवर. सेशन्स कोर्टाने पुतण्याची साक्ष खरी मानली आणि कलम ३०२ खाली जन्मठेप दिली. अपील दाखल झालं, शिक्षा स्थगितीचा अर्ज फेटाळला गेला. (उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवसांची, आणि तुरुंगवास झालेल्या आरोपीला निकालाची प्रत फुकट मिळते. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.)

आमचा सगळा भरवसा हजेरीपटावर होता. वकीलबाईंनी तो पहिल्याच बैठकीत बाजूला सारला आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९८१ चा दूधनाथ पांडे निकाल समोर ठेवला. अलाहाबादजवळच्या नैनीच्या कारखान्यात आपण कामावर होतो, असा त्या आरोपीचा बचाव होता. तिथे आत येताना कार्ड पंच व्हायचं, बाहेर पडताना नाही. साडेआठला कारखान्यात आणि नऊला खुनाच्या जागी, दोन्ही शक्य होतं, इतकं अंतर कमी. बचाव टिकला नाही, फक्त फाशीची जन्मठेप झाली. त्याच निकालात मात्र असंही म्हटलंय की बचावाच्या साक्षीदारांना सरकारी साक्षीदारांसारखंच वागवलं पाहिजे. "माणूस आत आला एवढं पुरत नाही," बाई म्हणाल्या, "त्या घटकेला तो तिकडे असूच शकत नव्हता, हे दिसायला हवं."

ते दिसत होतं काट्याच्या वहीत. उसाचं वाहन आधी भरलेलं तोलतात, मग मोळ्या उतरवून रिकामं. दोन्ही वेळा गाडी नंबर, वजन आणि वेळ लिहायची. त्या संध्याकाळी सात ते साडेआठ दादाच्या अक्षरात ओळीखाली ओळ होती. पण अपिलाच्या पेपर बुकात, म्हणजे खटल्याच्या कागदांच्या बांधलेल्या संचात, त्या पानाची जी झेरॉक्स लागली होती, तिच्यात वेळेचा रकाना काळाकुट्ट. खालच्या निकालातही वहीबद्दल एकच वाक्य होतं : नोंदी वाचता येत नाहीत.

म्हणून मूळ पानाची सही-शिक्क्याची नक्कल मागायला मी जिल्हा न्यायालयात गेलो. खिडकीतून उत्तर आलं, "रेकॉर्ड वर गेलंय, हायकोर्टात बघा." हायकोर्टात फाईल उघडली तर त्यात वही नाही. "खाली विचारा." पुन्हा खाली. या वेळी अर्जात निशाणी क्रमांक, म्हणजे पुराव्याच्या कागदाला कोर्टाने दिलेला नंबर, नाही म्हणून अर्जच परत. निशाणी क्रमांक होता तो झेरॉक्सचा. तो टाकून अर्ज केला, तर त्याच काळ्या झेरॉक्सची आणखी काळी नक्कल हातात पडली, वर शिक्का मारलेली! मी म्हटलं, साहेब, यात काहीच वाचता येत नाही. ते म्हणाले, "जसं आहे तसं दिलंय." माणूस तुरुंगात दिवस मोजतोय आणि इथे कोणी जागचं उठून कपाट उघडायला तयार नाही. मला त्या दिवशी बोलताही आलं नाही इतका राग आला होता.

गाठ सोडवली ती एका वयस्क शिपाईमामांनी. "वही पोलिसांनी जप्त केली होती ना? मग ती निशाणीत कशाला शोधता? ती मुद्देमालात असणार, आर्टिकल म्हणून." साक्षीत दाखल झालेले कागद हायकोर्टात जातात, जप्तीच्या वस्तू खाली नाझरकडे, म्हणजे त्या सांभाळणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याकडे, राहतात. वही कागदाची असली तरी पंचनाम्यात वस्तू म्हणून आलेली, त्यामुळे ती दोन्ही खिडक्यांच्या मधोमध अडकली होती.

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण निकालाच्या शेवटी मुद्देमालाचा आदेश असतो. अपिलाची मुदत संपल्यावर विल्हेवाट लावावी, असं आमच्याही निकालात होतं. तो परिच्छेद आधी वाचा आणि अपील दाखल झाल्याचं मुद्देमालाच्या शाखेला लेखी कळवून पोच घ्या. आमची वही शाबूत होती. बाईंनी उच्च न्यायालयात अर्ज केला आणि ती सीलबंद वर मागवण्याचा आदेश मिळवला.

सुनावणीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुरावा तोलण्याच्या क्रमाचं. खालच्या कोर्टाने आधी अ‍ॅलिबाय खोटा ठरवला आणि मग म्हटलं, म्हणजे पुतण्या खरा. खंडपीठाने उलट केलं. आधी पुतण्याची साक्ष स्वतःच्या पायावर उभी राहते का ते पाहिलं. एकच साक्षीदार असला तरी शिक्षा होऊ शकते, हे १९५७ च्या वडिवेलू थेवर निकालापासून पक्कं आहे, पण तो पूर्ण भरवशाचा हवा. पुतण्या म्हणत होता, खांबावरच्या दिव्याच्या उजेडात पाहिलं. तो दिवा ना त्याच्या पोलिस जबाबात होता, ना घटनास्थळाच्या पंचनाम्यात. नाव सांगायलाही त्याने दोन दिवस लावले होते. मग वही उघडली गेली. सात वाजून वीस, सात पस्तीस, सात बेचाळीस. सरकारी वकील म्हणाले, नोंदी नंतर भरल्या असतील. न्यायमूर्तींनी विचारलं, मग शेतकऱ्यांची बिलं कशावरून निघाली? बिलात तीच वजनं होती.

अ‍ॅलिबाय सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो हे खरं, पण म्हणून गुन्हा सिद्ध करण्याची सरकार पक्षाची जबाबदारी जात नाही. दादा सुटला. मी बाहेर येऊन आईला फोन लावला. ती काही बोलली नाही, नुसती रडली.

हे आधीच सांगायला हवं होतं : मोबाईलचे कॉल रेकॉर्ड लगेच मागवा. तेव्हा कंपन्यांना ते एकच वर्ष ठेवायचं बंधन होतं, डिसेंबर २०२१ पासून दोन वर्षांचं झालं. आमच्याकडून मागणी गेली तोवर ते संपले होते. काटा संगणकावर असेल तर प्रिंटसोबत प्रमाणपत्र लागतं, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५ब, आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३. अ‍ॅलिबायचं जुनं कलम ११ आता कलम ९ आहे. आणि नकलेच्या अर्जात "मूळ वस्तूवरून, वाचता येईल अशी" हे शब्द न विसरता लिहा.