दावोसचा उतार आणि ब्रेकचा हिशेब

मे महिन्याच्या सुट्टीत आल्प्समध्ये माउंटन बायकिंगचा बेत आखला असेल तर तो आधी मोडा. स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या खोऱ्यात त्या वेळी दोन हजार मीटरच्या वर बर्फ असतो. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर वर नेणारी केबल कार हंगाम संपून बंद झालेली असते. धरून चालायचा काळ म्हणजे जुलै ते सप्टेंबर, म्हणजे नेमका सह्याद्रीत चिखल असतो तेव्हा. जूनच्या शेवटीही चालून जातं, पण उत्तरेकडच्या उतारांवर बर्फाचे पट्टे राहिलेले असू शकतात आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

दावोस १,५६० मीटरवर आहे. इथला सगळ्यात नावाजलेला ट्रेल, म्हणजे सायकलची डोंगरवाट, आल्प्स एपिक. याकोब्सहॉर्नच्या माथ्यावरून, साधारण २,५९० मीटरवरून, सुरू होतो. टेलिफुर्गा खिंड, सेर्टिगची दरी, रिनरहॉर्नचा डोंगर, मॉनस्टाइन आणि येनिसबेर्ग ही गावं करत फिलिसूर स्टेशनला उतरतो. अंतर चाळीसेक किलोमीटर. सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीत सुमारे १,५०० मीटरचा फरक आहे, पण मधले चढ धरले तर प्रत्यक्ष उतरणं त्याहून बरंच जास्त होतं. केबल कारने गेलं की नुसतं उतरायचंच आहे, हा समज सेर्टिगनंतरच्या चढावर पुसला जातो. विश्रांती धरून पाच-सहा तास हाताशी ठेवा आणि सकाळच्या पहिल्या काही फेऱ्यांतच वर जा. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. उघड्या खिंडीत विजेपासून आडोसा नसतो, म्हणून एक वाजायच्या आत झाडांच्या पट्ट्यापर्यंत खाली यायचं.

ट्रेल किती अवघड आहे हे एस-० ते एस-५ या श्रेणीवरून कळतं. एस-१ मध्ये लहान मुळं आणि सुटे दगड. एस-२ मध्ये मोठी मुळं, पायऱ्या आणि ७० टक्क्यांपर्यंत उतार. एस-३ पासून उंच पायऱ्या आणि अरुंद हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलट फिरणारी वळणं. सिंहगडाच्या पायवाटेने सायकल खाली आणणाऱ्याला एस-२ जमतं. फरक लांबीचा आहे. आपल्याकडे असा सलग उतार वीसेक मिनिटांत संपतो, इथे तो पुन्हा पुन्हा येत राहतो. आधी हात संपतात, मग ब्रेक संपतो, आणि मग चूक होते.

भाड्याची सायकल हातात आली की पहिली गोष्ट तपासायची ती ब्रेकची बाजू. भारतात पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, मोटारसायकलसारखा. युरोपात तो डाव्या हाताला असतो. सपाटीवर हे लक्षातही येत नाही. तीव्र उतारावर मागचा समजून डावा लिव्हर आवळला तर पुढचं चाक अडतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. दुकानात बाजू बदलून मागता येते, पण हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकची नळी सोडवून पुन्हा ब्लीड करावं, म्हणजे तेलातली हवा काढावी लागते, त्यामुळे आदल्या संध्याकाळी सांगा. नाहीतर पार्किंगमध्ये अर्धा तास फक्त डाव्या बोटाने थांबायचा सराव करा. एकेक लिव्हर वेगळा, आधी हळू, मग जोरात.

आता ब्रेकच्या उष्णतेकडे. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो धरले तर १,५०० मीटर उतरताना सुमारे १३ लाख ज्यूल ऊर्जा सुटते. एवढ्यात चार लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. यातला काही भाग हवा आणि टायर खातात, उरलेली सगळी रोटर, म्हणजे चाकाला बसवलेली ब्रेकची तबकडी, आणि तिला आवळणाऱ्या पॅडमध्ये जाते. त्यात लिव्हर हलकासा दाबून ठेवत उतरायची सवय घातक: रोटरला थंड व्हायला क्षणभरही मिळत नाही, पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो आणि पकड जाते. ब्रेक ऑइलमध्ये पाणी शिरलं असेल तर त्याची वाफ होते आणि लिव्हर थेट हँडलला टेकतो. उपाय साधा आहे. वळणाच्या आधी जोरात आणि थोडा वेळ ब्रेक मारायचा, मग पूर्ण सोडायचा. लिव्हरवर एकच बोट, बाकीची बोटं ग्रिपवर. लिव्हर नेहमीपेक्षा आडवे, जमिनीला समांतरच्या जवळ वळवून घ्या; मनगट मोडत नाही आणि तळहाताला जोर मिळतो.

अशा उतारांना पॅड दाबणाऱ्या चार पिस्टनचे ब्रेक आणि पुढे किमान २०० मिलिमीटरच्या आसपासचा रोटर हवा. पॅड धातूमिश्रित घ्या. ऑरगॅनिक पॅड शांत चालतात, पण ओल्या वाळूत लवकर झिजतात. पॅडवरचं अस्तर एक मिलिमीटरवर आलं की सकाळीच बदला, आणि एक जोड खिशात ठेवा. नवे पॅड बसवून लगेच उतरू नका. मध्यम वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा आणि त्याहून जास्त वेगावरून दहाएक वेळा सायकल मंदावायची, चाक पूर्ण थांबू न देता. हे टाळलं तर ब्रेक किंचाळतात आणि धरत नाहीत. तापलेल्या रोटरवर पाणी ओतायचा मोह आवरा, पत्रा वाकडा होतो.

टायरचा त्रासही इथे वेगळा आहे. आपल्याकडे बाभळीचा काटा टायर फोडतो, इथे दगडाची धार बाजूची भिंत चिरते. काट्याचं भोक टायरमध्ये ओतलेला चिकट द्रव, म्हणजे सीलंट, बुजवतो; चीर बुजवत नाही. छोट्या चिरेला रबरी प्लग चालतो. मोठ्या चिरेला आतून जुन्या टायरचा तुकडा लावून ट्यूब टाकावी लागते, आणि ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून अडकलेला खडा काढायचा, नाहीतर दुसरं पंक्चर दहा मिनिटांत. २९ इंची, २.४ रुंदीच्या ट्यूबलेस टायरला ७५ किलोच्या माणसासाठी पुढे २२-२३ आणि मागे २५-२६ पीएसआय ही सुरुवात धरा. रिमवर दगड आपटल्याचा आवाज आला तर मागे दोन वाढवा. उंचीमुळे हवा वाढते म्हणून वर जाऊन ती काढत बसणारे भेटतात. हजार मीटर चढल्यावर दीडेक पीएसआय वाढतो, त्यातला निम्मा वरच्या थंडीने परत जातो. वाल्व्हला हात लावू नका.

सस्पेन्शन दुकानवाला वजन विचारून लावून देतो. तेव्हा अंगावरचे कपडे, हेल्मेट आणि पाण्याची पाठपिशवी धरून वजन सांगा. चार-पाच किलोचा फरक पडतो. मागचा सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर सस्पेन्शन जितकं दबतं ते, २५ ते ३० टक्के, पुढचा वीसच्या आसपास. शिवाय त्या फ्रेमचा डिरेलर हँगर, म्हणजे मागची गिअर यंत्रणा फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, मागून घ्या. दगडाला लागून तो वाकला की बाकी कितीही हत्यारं असली तरी गिअर बसत नाहीत. साखळी तुटली तर जोडायची क्विक लिंक मात्र सगळेच नेतात.

ट्रेलवर आडव्या, तिरप्या बसवलेल्या दगडांच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या दिसतात. पावसाचं पाणी वाटेवरून खाली न धावता बाजूला जावं म्हणून त्या असतात. ओलं लाकूड साबणासारखं निसटतं, त्यामुळे त्यावर ब्रेक लावायचा नाही आणि ते काटकोनातच ओलांडायचं. त्यांना वळसा घालून बाजूच्या गवतातून जाणाऱ्यांमुळे नवी चाकोरी पडते, पाणी तिथून वाहतं आणि पुढच्या हंगामात तिथे घळ तयार होते. हेअरपिनमध्ये मागचं चाक घसरवून वळणं हेही तसंच. व्हिडिओत छान दिसतं, वाटेची माती मात्र खाली जाते. आत शिरताना बाहेरच्या कडेने या, वेग आधीच संपवा आणि नजर वळणाच्या शेवटावर ठेवा.

या भागात बहुतेक वाटा पायी चालणाऱ्यांबरोबर वाटून वापरायच्या असतात, आणि पहिला हक्क चालणाऱ्याचा. अरुंद जागी सायकलवाल्याने थांबायचं, चालणाऱ्याला डोंगराच्या बाजूने जाऊ द्यायचं, ‘ग्रुएत्सी’ म्हणायचं. गुरांच्या कुंपणाचं फाटक उघडलं तर मागे बंद करायचं. वासरू सोबत असलेल्या गायीजवळून सायकल हातात धरून, लांबून जा.

फिलिसूरहून दावोसला परतायला रेल्वे आहे. हा मार्ग १९०९ सालचा. वाटेत गाडी ८८ मीटर उंचीच्या वीझन पुलावरून जाते. सायकलीसाठी वेगळं तिकीट काढावं लागतं आणि गाड्या साधारण तासाला एक.

अपघात झाला तर १४१४ हा रेगा या हवाई बचाव संस्थेचा क्रमांक. हेलिकॉप्टरचं बिल हजारो फ्रँकमध्ये जातं, म्हणून प्रवास विम्याची पॉलिसी भारतातूनच नीट वाचून घ्या. बऱ्याच पॉलिसी साध्या सायकलिंगला संरक्षण देतात आणि डोंगरातलं ऑफ-रोड सायकलिंग साहसी खेळांच्या यादीत टाकून वगळतात. तो भाग जास्तीचा हप्ता भरून जोडून मिळतो का ते विचारा, आणि होकार ईमेलवर लेखी मागा.