सैल ठेवलेले टोक

बेळगावच्या वेशीवर उभ्या राहणाऱ्या सभागृहाचा पहिला ६० मीटरचा पोलादी ट्रस, म्हणजे छत पेलणारा त्रिकोणी जोडणीचा सांगाडा, आज दोन क्रेननी उचलला, तेव्हा पश्चिमेचा वारा जोर धरत होता आणि खालून ‘निधान, निधान’, म्हणजे ‘सावकाश, सावकाश’, असे ओरडून आमच्या कन्नड मुकादमाचा घसा बसला होता (माझा न ओरडताच कोरडा पडला होता).

मधे एकही खांब नको, ही अशा सभागृहाची अट असल्यामुळे छताचा सगळा भार कडेच्या खांबांवर येतो; त्यात तापमान ३० अंशांनी वाढले की एवढा ट्रस सुमारे २२ मिलिमीटर लांबतो, म्हणून त्याचे एक टोक पक्के बांधून दुसरे सरकत्या बेअरिंगवर, लांबट भोकांतल्या बोल्टांसह मोकळे ठेवतात. नेमके तेच टोक वेल्डरने मजबुतीसाठी टाके मारून बंद करायला घेतले होते. चूक त्याची नव्हे. नकाशातली टीप सांगायला मीच विसरलो होतो. अडवलेला ट्रस खांबालाच ढकलतो, हे त्याला दोन विटांमध्ये पट्टी धरून दाखवले, तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे बैलाचं दावं सैल पायजे, सायेब.”

संध्याकाळी टाके घासून काढले. दुसरा ट्रस उद्या पहाटे, वारा पडलेला असताना.