शेरेबुकातली तीन पानं

इतिहासाच्या सरांनी एकदा फळ्याचे दोन भाग केले. एकीकडे लिहिलं, 'वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९'. दुसरीकडे, 'फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१'. दोन्ही शिवाजी महाराजांच्या जन्मतिथी. पहिलीखाली 'बखरी' लिहिलं, दुसरीखाली 'जेधे शकावली'. "सर, पाठ कुठली करायची?" कुणीतरी विचारलंच. सर म्हणाले, "आधी दोन्ही उतरवून घ्या."

मग अख्खा तास शकावलीत गेला. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडचं हे टिपण लोकमान्य टिळकांच्या हाती आलं आणि १९१६ साली छापलं गेलं. त्यात साल, तिथी, घटना एवढंच. वर्णन नाही की कौतुक नाही. चालत आलेल्या तिथीशी जुळत नाही म्हणून ती नोंद कुणी गाळली नाही. पुढे 'शिवभारत' या शिवकालीन संस्कृत काव्यातही तीच तिथी मिळाली, आणि २००१ साली राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली.

अमृत महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी शाळेचं जुनं दप्तर सोडलं तेव्हा मीही तिथे होतो. जनरल रजिस्टर, हजेरीपट, वाळवीने कडा खाल्लेलं शेरेबुक. ७२च्या दुष्काळातली नोंद वाचून सगळेच गप्प झाले: 'हजेरी निम्मी. मोठी मुले खडी फोडण्याच्या कामावर.' ती लावायची हे लगेच ठरलं.

अडलं ते त्याआधीच्या पानांवर. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ साली आला, त्यानंतरची ही पानं. तपासणीला आलेल्या साहेबांचा शेरा: 'पाण्याचे माठ दोन, वेगळे. एकच ठेवावा.' पुढच्या तपासणीत: 'मागील शेऱ्याची पूर्तता नाही.' आणि त्याच्या पुढच्या: 'माठ एकच. समाधानकारक.'

काहींचं मत पडलं की तिसरं पान लावू, पहिली दोन सोहळ्यात नकोत. शाळेवरची त्यांची माया मी जाणतो, तरी माझा याला ठाम विरोध आहे. दुसऱ्या माठातलं पाणी प्यायलेली माणसं आपलीच माजी विद्यार्थी आहेत, त्यांनाही निमंत्रणं गेली आहेत. पानं काढली तर त्यांनी सोसलं ते नुसतं ऐकीव ठरेल. शिवाय पहिली दोन नसतील तर तिसऱ्या पानावरचं 'समाधानकारक' कशाबद्दल, हे आजच्या मुलांना कळणारच नाही. तो माठ एक करायला कुणीतरी गावाचा रोष पत्करला असेल, त्याचंही श्रेय बुडेल.

समितीला विनंती आहे, तिन्ही पानं सलग लावा. संपूर्ण शेरेबुक स्कॅन करून घ्यायचा खर्च आमची बॅच उचलेल.