फॉल्टी टॉवर्स: कुणाला काय, कधी कळतं

शुक्रवार, रात्री

‘फॉल्टी टॉवर्स’ या हॉटेलात घडणाऱ्या ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिकेच्या दुसऱ्या सीझनचा पहिला भाग, ‘कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स’, आज पुन्हा लावला. कुठली गोष्ट कुणाला, कधी कळते एवढंच टिपत बसायचं असं ठरवलं होतं. अर्ध्या तासाच्या विनोदी भागात इतकी घट्ट वीण दुसरीकडे सापडणं अवघड आहे.

सगळी भानगड पैशांची. हॉटेलचा मालक बेसिल ‘ड्रॅगनफ्लाय’ नावाच्या शर्यतीच्या घोड्यावर पैसे लावतो आणि 75 पौंड जिंकतो. सिबिलने, म्हणजे बायकोने, जुगाराला सक्त मनाई केलेली. नेमके त्याच वेळी हॉटेलात उतरलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या मिसेस रिचर्ड्सचे 85 पौंड गायब होतात. बेसिलच्या खिशात नोटा आहेत, पण त्या कुठून आल्या हे सांगायची सोय नाही.

घोड्याचं गुपित तिघांशी जोडलेलं आहे आणि तिघंही वेगवेगळ्या कारणांनी निकामी ठरतात. हॉटेलात कायम राहणाऱ्या म्हाताऱ्या मेजरकडे बेसिल पैसे सांभाळायला देतो; मेजरला काही आठवत नाही. हे पैसे मी जिंकले असं हॉटेलातली वेट्रेस पॉली बेसिलसाठी खोटं सांगते, पण सिबिल लगेच घोड्याचं नाव विचारते. मग सिबिलच्या पाठीमागे उभा राहून बेसिल हातवारे करतो आणि पॉली एकेक तुकडा जोडत नावापर्यंत पोचते. तिसरा मॅन्युएल, स्पॅनिश वेटर. त्याला बेसिलने आधीच पढवून ठेवलंय, ‘तुला यातलं काही माहीत नाही’. शेवटी बेसिल अगदी रडकुंडीला येऊन ‘सांग रे, सांग’ म्हणतो तेव्हा मॅन्युएल छाती फुगवून उत्तर देतो, ‘मला काहीच माहीत नाही!’ तो इथे अजिबात मूर्खपणा करत नाही. सांगितलेलं काम तो चोख बजावतो आणि त्यामुळेच मालक बुडतो. बावळट नोकर लिहायला सोपा. आज्ञाधारकपणातून सत्यानाश करणारा नोकर लिहायला डोकं लागतं.

मिसेस रिचर्ड्सचं श्रवणयंत्रही असंच आधी पेरलेलं. सेल संपतात म्हणून ती ते बंद ठेवते, हे सुरुवातीलाच कळतं. मग बेसिल आवाज न काढता नुसते ओठ हलवतो, ती बिचारी आवाज वाढवत नेते आणि पुरता वाढवला की हा मोठ्याने बोलतो. मिसेस रिचर्ड्स झालेल्या जोन सँडरसन या प्रसंगात हसू यावं म्हणून काहीही करत नाहीत. त्या फक्त चिडलेल्या आहेत, खऱ्याखुऱ्या. म्हणूनच तो प्रसंग इतका रंगतो.

शनिवार

मालिकेचे एकूण भाग 12 : सहा 1975 साली, सहा 1979 साली, बीबीसी टू वर. लेखन जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांचं, म्हणजे बेसिल आणि पॉली यांचंच. पहिला सीझन आला तेव्हा दोघं नवरा-बायको होते, दुसरा आला तोवर घटस्फोट झालेला होता. लेखनावर त्याचा ओरखडाही दिसत नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

त्यांची पद्धत नवीन लिहिणाऱ्यांनी उचलावी अशी आहे. आधी आठवडेच्या आठवडे नुसतं कथानक बांधायचं. कोण कुठल्या दारातून येतो, त्या क्षणी त्याला काय ठाऊक असतं, हे पक्कं झाल्याशिवाय संवादाला हात घालायचा नाही. अर्ध्या तासाच्या इतर मालिकांच्या जवळजवळ दुप्पट पानं त्यांच्या संहितेची होत, कारण हालचाल जास्त आणि वाक्यं तुटक. उलट क्रमाने गेलं तर काय होतं ते इतर मालिकांत दिसतंच: संवाद खुसखुशीत, पण विसाव्या मिनिटाला कथानक थकलेलं आणि शेवट कसाबसा उरकलेला.

1974 साली संहिता वाचून बीबीसीतल्या एका संपादकाने शेरा मारला होता की यात नुसती घिसीपिटी पात्रं आहेत, हे साफ आपटेल. सगळं हॉटेलातच घडतंय, बाहेर काढा, असाही सल्ला मिळाला होता. क्लीजनी ऐकलं नाही, आणि बरोबरच केलं. प्रेशर कुकरचं झाकण उघडलं तर वाफ कशी धरणार? रिसेप्शनचा काउंटर, मागचं ऑफिस, जिना, डायनिंग रूमचं दार, त्यापलीकडे किचन हा नकाशा प्रेक्षकाच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. ‘द बिल्डर्स’मध्ये स्वस्तातले गवंडी डायनिंग रूमचं दारच बुजवून टाकतात तेव्हा क्षणात पोटात गोळा येतो तो त्यामुळे. बबन प्रभूंचे फार्स पाहिलेल्यांना दाराची किंमत वेगळी सांगायला नको.

त्याच भागात हशा जरा पातळ ऐकू येतो. क्लीजनी सांगितलेलं कारण असं: चित्रीकरणाला पुढच्या रांगांत आइसलँडच्या नभोवाणीची पाहुणेमंडळी बसली होती, सज्जन आणि गप्प. प्रेक्षकांसमोर चित्रण करण्यातला हा धोकाच. हशा किती लांबेल ते नटाला आधी कळत नाही. थांबावं तर वेग पडतो, न थांबावं तर पुढचं वाक्य बुडतं.

रविवार

सिबिल झालेल्या प्रुनेला स्केल्सबद्दल नेहमी कमी लिहिलं जातं. भूमिका घेताना त्यांनी क्लीजना विचारलं, या दोघांनी लग्न तरी का केलं? उत्तर तयार नव्हतं, ते त्यांनीच शोधलं: सिबिल बेसिलपेक्षा जरा खालच्या सामाजिक थरातली, त्याच्या रुबाबदार बोलण्याला भुललेली आणि धंद्यात मात्र त्याच्यापेक्षा पक्की. तिचे उच्चार, अंबाडा, फोनवरचं लांबलचक ‘आय नोऽऽ’ हे सगळं त्या एका उत्तरातून आलं.

मारामारीचा विनोद दिसतो तितका सुरक्षित नसतो. मॅन्युएल झालेल्या अँड्र्यू सॅक्सना ‘द वेडिंग पार्टी’त डोक्यात खराखुरा धातूचा सॉसपॅन बसला. ‘द जर्मन्स’मध्ये आगीच्या प्रसंगासाठी जॅकेटमधून धूर यावा म्हणून रसायन लावलं होतं, त्याने हात भाजला. बर्लिनमध्ये जन्मलेला, लहानपणी नाझींपासून पळून लंडनला आलेला हा माणूस स्पॅनिश वेटर इतका अस्सल करतो की त्याचं मूळ आठवावं लागतं.

‘द किपर अँड द कॉर्प्स’मधलं प्रेत तितकंच बारकाईने पाहावं. ते काम डेरेक रॉयल यांचं, कसरतीची सवय असलेल्या नटाचं. उचलताना प्रेताने जराही अंग चोरलं तर विनोद संपलाच: नट स्वतःला सावरतोय हे प्रेक्षकाला लगेच कळतं आणि मग ओझं ओझं वाटत नाही. रॉयल यांचं वजन पूर्ण सुटलेलं दिसतं, म्हणून उचलणाऱ्यांची दमछाक खरी वाटते. पाहुणा शिळ्या किपर माशाने मेला या धास्तीने बेसिल अर्धमेला झालेला असतो. मृत्यू काही तासांपूर्वीचा आहे असं डॉक्टर म्हणताच तो आनंदाने नाचतो. मेलेल्या माणसाच्या खोलीत नाचणारा मालक, आणि तरी त्याचा राग येत नाही, कारण ती भीती लेखकांनी आपल्यालाही लावलेली असते.

पुढे ‘बेसिल द रॅट’ घ्यायचा. संपामुळे तो रखडला आणि ऑक्टोबर 1979 मध्ये दाखवला गेला. विषारी मांसाचा तुकडा कुठल्या ताटात गेलाय याची नोंद मिनिटागणिक ठेवत पाहिला तर जास्त कळेल.